गोदामात चपला नकोत

अण्णा, तुमचं गोदाम मी बदललं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी हे सांगायला आठ महिने जीभ उचलत नव्हती. गावची सोसायटी तर तुमच्यादेखतच बुडाली, मग पत्र्याला भोकं पडली, आत वटवाघळं राहायला आली, आणि आता आपल्याच भागातल्या द्राक्षवाल्यांच्या गटानं ते भाड्यानं घेतलंय. तिथं त्यांची वाईन विकायची, आलेल्या माणसाला आधी घोटभर चाखायला द्यायची. घरं-दुकानं बांधून देणं हा तुमच्या लेकीचा धंदा, म्हणून काम माझ्याकडं आलं. आणि तुम्ही तर दारूचा वास आला की भरल्या ताटावरून उठायचात! मी हो म्हणाले खरं, पण त्या दिवसापासून तुमच्या फोटोकडं बघायचं बंद केलं.

मला आठवतंय ते दुष्काळातलं गोदाम. विहिरी आटल्यात, बाया दिवसभर खडी फोडून ज्वारीसाठी ओट्याखाली रांगेत बसल्यात, आणि गोदामाची राखण तुमच्याकडं म्हणून तुम्ही दारात उभे. आत धान्य आहे, चपला बाहेर. एकदा सोसायटीचा चेअरमन बूट घालून वर चढला, तर तुम्ही दार सोडलं नाहीत. साहेब, बूट तेवढे खाली ठेवा, एवढंच म्हणालात. तो वाकून नाड्या सोडत होता आणि रांगेतल्या अनवाणी बाया बघत होत्या. मला काय चेव आला कोण जाणे, मी चपला घालून थेट पोत्यांच्या थप्पीवर चढले. तुम्ही सगळ्यांदेखत कान धरून खाली उतरवलंत. "चेअरमनला एक आन् तुला एक न्हाई," म्हणालात. लई राग आलता. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

गटवाल्यांना तो ओटा तोडायचा होता. बैलगाडीतलं पोतं उचलावं लागू नये, नुसतं सरकवावं, म्हणून तेवढा उंच बांधलेला ओटा. मी भांडून ठेवला आणि बाजूनं पायऱ्या काढल्या. वरचे झरोके मोठे केले. जिथं थप्पी लागायची तिथं आता लांब लाकडी टेबल आहे, त्यावर ग्लास मांडतात. खालची शहाबादी फरशी तीच, नुसती घासून घेतली. मायला मात्र मी सांगून ठेवलं होतं की सरबताचं दुकान होतंय.

गेल्या आठवड्यात ती न सांगता नेकनूरच्या बसनं थेट गोदामावर आली. ओट्याखाली चपला काढल्या, आत फिरली, टेबलावरून हात फिरवला. मी मान खाली घालून उभी. "मला काय येडी समजतीस का?" म्हणाली. "सरबताला कुनी लाकडी पिपं आनत असतंय व्हय?" मग खाली बसली आणि मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. सोसायटी बंद पडल्यावरही तुम्ही रोज किल्ली घेऊन यायचात, रिकामं गोदाम झाडायचात. शेवटच्या दुखण्यात तिला एकच सांगत होतात. "काईबी भरा, पन त्याला रिकामं ठिवू नका." मी तिथंच फरशीवर बसून रडले, अण्णा. आठ महिन्यांचं ओझं उतरलं. माय म्हणाली, उठ आता, चहा पाज.

काल दुकान उघडलं. मीही एक घोट घेतला, तुरट होती, तुम्ही ताटावरून उठलाच असतात. हा कागद मी कुठल्या टपालपेटीत टाकणार, घडी घालून पर्समध्येच ठेवते. एक तेवढं कबूल करते. दारात चपला ठेवायला मांडणी केलीय, चाखायला येणारा प्रत्येकजण अनवाणी आत येतो, गटाचा अध्यक्षसुद्धा. त्यांना सांगितलंय की जुनी शहाबादी आहे, चपलांनी खराब होते. शहाबादीला चपलेनं काही होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.