या वेळी बाप नाही

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी नाहीच त्यात!

पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गाणी ऐकली. अर्धी कामावर निघण्याआधी, उरलेली घरी आल्यावर, चहाचा कप हातात धरून. कुठेच नाही. पोरानं आजवर जेवढे अल्बम काढले त्या प्रत्येकात मी होतो. नावानं नाही — नुसता 'बाप'. दार लावणारा बाप, दगड बाप, मुका बाप. एका गाण्यात तर मी कुलूप होतो. पोराला सगळी दुनिया 'खडा' म्हणून ओळखते. आणि खड्याचा बाप किती नालायक, हेही सगळ्या दुनियेला पाठ. तो नालायक म्हणजे मी, एवढंच कुणाला माहीत नाही. आडनाव त्यानं केव्हाच टाकून दिलं.

या अल्बमचं नाव 'मोकळा'. यात झाडं आहेत. नदीवरचा पूल आहे. एक मेलेला मित्र आहे. त्याची आई आहे — ते गाणं ऐकताना चहा गार झाला. बाप नाही.

बरं झालं. सुटलो एकदाचा!

शनिवार, ८ नोव्हेंबर

लॅबमध्ये दिवसभर तोच विषय. आमची लॅब म्हणजे कवळ्या बनवायची जागा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवतो, शेजारचा पोरगेला गडी त्याचा साचा करतो, पलीकडची बाई घासून चकचकीत करते. तो साचेवाला, ती पॉलिशवाली. मी नुसता काका.

साचेवाला खड्याचा भक्त. सकाळी आला तो सुतकी चेहरा घेऊनच.

"काका, वाट लागली! खडा संपला. नुसती कुजबुज आहे हो. शिव्या नाहीत, राग नाही, बाप नाही! बापाशिवाय खडा म्हणजे बिनसाखरेचा चहा."

पॉलिशवालीचं यंत्र सतत घरघरत असतं, त्यामुळे ती काहीही बोलली तरी भांडल्यासारखंच वाटतं. ती ओरडली, "मला आवडला! एवढा घोडा झाला तरी आपला बापाच्या नावानं खडे फोडतोय. कधीतरी थांबायला नको?"

"अगं, नाव काय उगाच घेतलंय का त्यानं? बापाच्या नावानं खडे फोडतो तो खडा!"

"मग आता काय नाव घेणार? वाळू?"

दोघंही हसले. मीपण हसलो — हसायलाच हवं होतं. मेणात दाढ बसवत होतो, ती वाकडी बसली. काढून पुन्हा बसवली.

रविवार, ९ नोव्हेंबर

ताई आली होती. माझी मुलगी — पण तो तिला ताई म्हणायचा म्हणून ती आईचीही ताई झाली आणि माझीही. त्याचा तिला अधूनमधून मेसेज येतो. मी विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं आहे.

"बाबा, ऐकलात?"

"काय?"

"उगाच वेड पांघरू नका."

"ऐकला."

"मग? आता तरी बरं वाटलं ना? नाही तुम्ही त्यात."

"वाटलं की."

"मग तोंड का असं?"

"माझं तोंड असंच असतं."

ती कप विसळायला आत गेली. नळ सोडला. मग पाठमोरीच म्हणाली, "आई असती तर..." आई असती तर निरोपांची ने-आण तरी चालू राहिली असती. तिच्याकडे दोन्हीकडची खबर असायची. ती गेली तेव्हा तो आला होता. दाढी वाढलेली, दारातच उभा. मी 'आत ये' म्हटलं नाही, असं त्याचं म्हणणं आहे. त्यावर आख्खं गाणं आहे. अरे, स्वतःच्या घरात शिरणाऱ्याला 'ये' म्हणतात का कुणी? मला सुचलंसुद्धा नाही. तो वाट बघत उभा राहिला आणि मी आतून तो येण्याची वाट बघत बसलो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुन्हा ऐकला. नाहीच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पेपरात अल्बमवर दोघांनी लिहिलंय. एकाच पानावर, शेजारी शेजारी. एक म्हणतो, खडा आता खरा कवी झाला. दुसरा म्हणतो, दात पडलेला वाघ.

आमच्याकडे पाठवा म्हणावं, बसवून देतो!

केस कापायला गेलो तर तिथेही तेच. खुर्चीतला पोरगा सांगत होता, नवा अल्बम डिलीट करून जुनाच लावलाय. त्याच्या शर्टावर ते जुनं वाक्य छापलेलं — 'बापानं दार लावलं, मी रस्त्याला घर केलं'. माझं दार! लोकांच्या छातीवर! धुऊन धुऊन विटलंसुद्धा. न्हाव्यानं मला विचारलं, "तुम्ही ऐकता का हो असलं काही?" मी म्हटलं, कानावर पडतं.

एकदा कुठेतरी लिहून ठेवतो. घर सोडून गेला तेव्हा दार त्यानं आपटलं. मी फक्त कडी लावली, वाऱ्यानं वाजत होतं म्हणून. उघडं तर कधीही करता आलं असतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत राहवलं नाही. डबा उघडता उघडता विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "हा जो खड्याचा बाप आहे, तो कसा असेल रे माणूस?"

साचेवाला म्हणाला, "खडूस, दुसरं काय! पोरगा एवढा मोठा झाला, म्हातारा कधी एका कार्यक्रमाला गेला नाही. कुठेतरी कुजत पडला असेल. पण एक आहे काका, त्या म्हाताऱ्याचे उपकार आहेत आपल्यावर. तो चांगला निघाला असता तर ही गाणी कुठून आली असती?"

"हां," मी म्हटलं. घास चावत राहिलो.

पॉलिशवालीचं यंत्र बंद होतं. मग हळूच म्हणाली — तिचा हळू आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला — "मला त्या बापाचा हेवा वाटायचा."

"हेवा?"

"माझे वडील गेले तेव्हा मी लहान नव्हते. पण त्यांच्यावर दोन ओळी लिही म्हटलं तर सुचणार नाहीत मला. चांगले होते, एवढंच. कुणी आपल्यावर इतकं चिडायचं, वर्षानुवर्षं चिडायचं, म्हणजे आपण त्याला केवढे लागत असू!"

साचेवाला म्हणाला, "तुझं कायतरी भलतंच." मी पाण्याची बाटली घेऊन उठलो. भरलेलीच होती. तरी नळापर्यंत जाऊन आलो.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज सकाळी जुने अल्बम काढून बसलो. यातली काही गाणी मी आजवर पूर्ण ऐकलीच नव्हती. पहिली शिवी आली की बंद करायचो. आज सगळ्या शिव्या पोटभर खाल्ल्या.

आणि काय सापडलं! 'बापाच्या बोटांना मेणाचा वास' — ही ओळ होती तर! जेवायला बसलं की मी बोटं हुंगतो, असंही आहे. मी हुंगतो? आज जेवताना लक्ष ठेवलं. हुंगतो खरा. निळ्या स्वेटरचं कोपरावरचं ठिगळ आहे. पेपर वाचताना मी ओठ हलवतो ते आहे. रागावलो की माझा आवाज चढत नाही, उतरतो — तेही आहे, आणि त्याची त्याला भीती वाटायची हेही आहे. कुणी बघितलंय मला इतकं बारकाईनं? हिच्याशिवाय कुणीच नाही. शिवी द्यायची तरी आधी आठवण काढावी लागते.

म्हणजे इतकी वर्षं तो माझ्याशी बोलतच होता की! मी ऐकत नव्हतो. आणि आता मी कान लावून बसलोय, तर तो दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतोय. झाडांशी.

'मोकळा' म्हणे. कुणापासून मोकळा, ते काही सांगायला नको.

बुधवार, १९ नोव्हेंबर

एक उद्योग करून ठेवलाय.

साचेवाला जेवणाच्या सुट्टीत फोनवर गाण्याखालच्या लोकांच्या प्रतिक्रिया वाचत होता. म्हटलं, मलाही लिहायचंय. तो केवढा खूश! "काका, तुम्हीसुद्धा? द्या इकडे फोन!" त्यानंच खातं उघडून दिलं. नाव काय टाकू म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'मेणवाला' टाक.

"काय लिहू? भारी? की फालतू?"

मी फोन हातात घेतला, स्वतःच टाइप केलं — 'चौथ्या गाण्यात श्वास पुरत नाही. आवाज बसलाय. गरम पाणी पीत जा आणि झोप घेत जा.'

त्यानं वाचलं आणि खो खो हसला. "काका, हा खडा आहे, तुमचा भाचा नाही!"

गुरुवार, २० नोव्हेंबर

माझ्या त्या दोन ओळींवर लोक तुटून पडलेत. साचेवाला मोठ्यानं वाचून दाखवत होता.

"काका, तुम्ही घशाचे डॉक्टर का?"

"खडा पाणी नाही पीत, आग पितो!"

"बरोबर बोलताय आजोबा, या अल्बमला झोपच हवी होती."

एकीनं मात्र लिहिलंय, "किती गोड! माझे बाबा असंच बोलतात." आणि त्याच्याखाली कुणीतरी — "बाप आला रे बाप आला! दार लावा!" त्यावर हसणारे चेहरे, नुसती रांगच्या रांग.

साचेवाला वाचता वाचता हसत होता. माझ्याकडे बघून थांबला.

"काका? काय झालं?"

"काही नाही. मेणाचा धूर गेला डोळ्यात."

तेव्हा मी मेण तापवलेलंही नव्हतं. पॉलिशवालीनं यंत्र बंद केलं. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. थोड्या वेळानं माझ्या टेबलावर चहाचा कप आणून ठेवला आणि साचेवाल्याला म्हणाली, "बस झालं आता त्या खड्याचं. दुसरं काही लाव."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ती प्रतिक्रिया काढून टाकली. कशी काढायची ते माझं मीच शोधलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

ताई आज आली नाही. फोनवर म्हणाली, काम आहे. आवाज जरा वेगळाच होता, पण मी विचारलं नाही.

रिकाम्या घरात पुन्हा 'मोकळा' लावला. आज ठरवून स्वतःला शोधायचं नाही असं करून ऐकला, परका माणूस ऐकेल तसा. आणि खरं सांगायचं तर — चांगला आहे! साचेवाल्याला कळलेलं नाही. पेपरवाल्यालाही नाही. जुन्या गाण्यांत तो धावत असायचा, मागे कुणीतरी लागल्यासारखा. यात चालतोय. पुलावर थांबतो, खाली पाणी बघतो. एका ठिकाणी नुसता हसतो, शब्दच नाहीत. ते हसणं मी ओळखलं. अगदी लहान होता तेव्हा, गुदगुल्या व्हायच्या आधीच असा हसायचा.

पोरगा सुखात आहे. कशामुळे ते माहीत नाही, पण आहे. सुखात असलेल्या माणसाला बाप आठवायचं कारण काय? बापानं खरं तर यावर खूश व्हायला हवं. झालोही. पण गिळता येत नाही. एखाद्या घरात आपल्यामुळे रोज भांडण व्हावं, आणि एक दिवस तिथून हसण्याचा आवाज यावा, आणि आपण आपले जिन्यातच उभे — असं काहीसं.

हिच्या फोटोला सांगितलं, तो बरा आहे. मग वाटलं, ते हिला माझ्या आधीच माहीत असणार.

बुधवार, २६ नोव्हेंबर

थंडी वाढली. निळा स्वेटर काढला. कोपराकडे बघून ठेवून दिला, दुसरा घातला. मग पुन्हा तोच घातला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

"बाबा, मी तुमची सून बोलतेय."

मी म्हटलं, राँग नंबर. ती म्हणाली, "नाही हो, बरोबर लागलाय. ताईंनी दिला नंबर. आम्ही खाली गाडीत आहोत. तुम्ही लिहिलेलं त्यानं वाचलं, 'मेणवाला' बघून ओळखलं, तेव्हापासून निघू निघू म्हणत होता. आता आलाय, तर वर यायचा धीर होत नाहीये त्याला." मग आवाज बारीक करून, "तुमच्यावरचं गाणं या वेळीही केलं होतं त्यानं. शेवटच्या क्षणी काढलं. म्हणाला, तिला आधी आजोबा भेटू देत, गाणी नंतर ऐकेल."

"तिला? कुणाला?"

"माझ्या मांडीवर आहे. झोपलीय. आम्ही वर येऊ?"

मी म्हटलं, "ये. या. सगळे या."