गाण्याआधी दोन शब्द

२ एप्रिल २००१, सोमवार. सकाळी सव्वासहा

बँकेने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली, मी घेतली. पेठेत चर्चा आहे की श्रीधरला काढला. असू दे. पुण्यातलं जिवंत संगीत अखेरचे श्वास मोजत असताना माझ्यासारख्या माणसाने काउंटरवर बसून ड्राफ्ट काढावेत, हेच मुळात चूक होतं. आजपासून पूर्ण वेळ संगीतकार्य. रोज पहाटे पाचला उठणे. (आज सहा. पहिला दिवस असल्यामुळे.)

६ एप्रिल, शुक्रवार

धक्कादायक बातमी. आमच्या वाचनालयाचं वरचं सभागृह जूनपासून कॉम्प्युटर क्लासला देणार. एके काळी तिथे दर गुरुवारी गाणं असायचं. आता तानपुरे कपाटात आणि कपाटाची किल्ली सापडत नाही.

तडक विश्वस्त रावसाहेबांकडे गेलो आणि संगीताचं समाजातलं स्थान तासभर समजावून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, मेअखेर एक कार्यक्रम करून दाखवा. सभागृह भरलं आणि लोक गाणं ऐकून घरी गेले, तर गुरुवार गाण्याचा. नाहीतर कॉम्प्युटर.

घरी सांगितलं. पद्मजाने (पत्नी. पेटी वाजवते, शिकवते. बरी वाजवते.) आयुष्यातली पहिली साथ त्याच सभागृहात केली होती म्हणे. जेवताना म्हणाली, अहो, हे एवढं नीट होऊ द्या. मी म्हटलं, मी आहे ना. तिने उठून देवापुढे उदबत्ती लावली.

१२ एप्रिल, गुरुवार

कलाकार ठरला. गंधारने (मुलगा. हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत. तबला वाजवतो, तोही बरा.) त्याच्या ऑफिसमधली दीक्षा सुचवली. खडकीला राहते, वडील दारूगोळा फॅक्टरीत. ख्याल गाते. मी नाव ऐकलेलं नाही, म्हणजे होतकरू असणार. होतकरूंना संधी देणं हे आमच्या समितीचं धोरण आहे. (समिती कालच स्थापन केली. सभासद मी.)

पद्मजा म्हणाली, ती दोन वर्षं दर रविवारी आपल्याच घरी रियाझाला येते. दुपारी. मी त्या वेळी झोपलेला असतो.

२० एप्रिल, शुक्रवार

‘शहरातले जिवंत संगीत टिकवण्याचे उपाय’ हा निबंध लिहायला घेतला. कार्यक्रमात त्यातला काही भाग वाचता येईल. अभ्यासासाठी नवा सीडी प्लेअर आणला. पहिल्याच सीडीला विलंबितात डोळा लागला. जाग आली तेव्हा सीडी संपून बराच वेळ झाला असावा. निष्कर्ष: श्रोत्यांमध्ये एकाग्रता उरलेली नाही. मुद्दा निबंधात घेतला.

७ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

खडकीच्या क्वार्टर्समध्ये आज बुद्धजयंतीचा कार्यक्रम, त्यात दीक्षा गाणार. तिने स्वतः घरी येऊन बोलावलं होतं. पद्मजा आणि गंधार साथीला गेले. मला जाता आलं नाही, कारण ‘श्रोते कार्यक्रमांना का जात नाहीत’ हे प्रकरण ऐन रंगात आलं होतं.

दोघं परत आली तेव्हा चेहरे फुललेले. मैदानात उभं राहायला जागा नव्हती म्हणे. बायका भिंतीवर बसल्या होत्या, आणखी एक गाणं झाल्याशिवाय लोक घरी जायलाच तयार नव्हते. गंधार म्हणाला, बाबा, तुम्ही यायला हवं होतं. मी त्याला माझं प्रकरण वाचून दाखवलं. तो दुसऱ्या पानावर हातपाय धुवायला गेला, तो आलाच नाही.

१५ मे, मंगळवार

सत्कारांचं प्लॅनिंग. प्रमुख पाहुणे आमचे माजी शाखाधिकारी बद्रीनाथ साहेब. त्यांचा सत्कार अर्थातच. रावसाहेबांचा केला नाही तर ते दुखावतील. रावसाहेबांचा केला तर बाकीचे विश्वस्त. ते बसले स्टेजवर, तर माजी ग्रंथपाल काय खाली बसणार? मंडपवाला ओळखीने खुर्च्या देतोय, त्यालाही श्रीफळ. संगीत माणसं जोडतं, ते असं.

मंडईतून नारळ आणले. पोतं रिक्षावाल्याने घेतलं नाही. सायकलवरून आणताना लक्ष्मी रोडवर थोडे सांडले.

पद्मजाने विचारलं, एवढ्या सगळ्यांत गाणं कुठे बसवणार. मी म्हटलं, गाणं शेवटी. जेवणात गोड शेवटी असतं. ती म्हणाली, आपल्याकडे आधी वाढतात.

२४ मे, गुरुवार

रंगीत तालीम. माझ्या भाषणाची. आतल्या खोलीत ही तिघं वाजवत बसल्यामुळे मला माझेच शब्द ऐकू येईनात. त्यांना गॅलरीत जायला सांगितलं. खालून दोन-तीन स्कूटर थांबल्याचा आवाज आला. ट्रॅफिकची समस्या हाही एक मुद्दा आहे.

पद्मजाचं म्हणणं, भाषण नकोच. तडजोड केली. संकल्प: गाण्याआधी फक्त दोन शब्द. दोन मिनिटं. लिहून ठेवतो म्हणजे मोडणार नाही.

संध्याकाळी वाचनालयाचा शिपाई महिपती याला बजावलं, नऊ म्हणजे नऊ. नवाला दिवे बंद. कोणी कितीही सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी ऐकायचं नाही. शिस्तीशिवाय कला टिकत नाही. महिपती म्हणाला, मी कुणाचंच ऐकत नाही.

२७ मे, रविवार. सकाळी

पाचला उठलो! निबंधातला काही भाग भाषणात घालावा असं वाटतंय. तेवढाच. तीन मिनिटं.

२८ मे, सोमवार. सकाळी

कालच्या कार्यक्रमाचं सविस्तर लिहून ठेवलं पाहिजे, कारण घरातल्या मंडळींचा दृष्टिकोन एकांगी आहे.

सभागृह भरलं. ही पहिली गोष्ट. खडकीहून दीक्षाचे आईवडील आणि शेजारीपाजारी आले होते, गंधारचं अर्धं ऑफिस आलं होतं, पद्मजाच्या विद्यार्थिनी होत्या. माझी भित्तिपत्रकं वाचूनही कोणीतरी आलं असणारच.

सहाला सुरुवात. दीपप्रज्वलनाला वात पेटेना, म्हणून पंखे बंद केले. मग सत्कार. हार लागोपाठ घातले असते तर लवकर आटोपलं असतं, पण प्रत्येकाचा परिचय द्यावा लागतो. बद्रीनाथ साहेबांना थोडक्यात बोला अशी चिठ्ठी पाठवली होती. ते म्हणाले, मी श्रीधरपेक्षा जास्त बोलणार नाही. त्यांनी शब्द पाळला, पण माझं प्रास्ताविक त्यांच्या आधी झालं होतं.

या काळात कलाकार स्टेजवर लावून ठेवलेली वाद्यं घेऊन बसले होते. उकाड्याने तबला उतरला. गंधारने हातोडी घेऊन ठोकाठोक सुरू केली, नेमकी माझ्या ‘शांतता ही संगीताची जननी’ या वाक्यावर. तानपुराही पुन्हा लावावा लागला. पद्मजाने पेटीचा भाता लावून टाकला आणि पदराने वारा घेत बसली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे मला त्याचा अर्थ कळतो, पण मी वाक्याच्या मध्यात होतो.

तेवढ्यात दीक्षा पुढे वाकली आणि अगदी हळू म्हणाली, “काका, आता गाऊ का?”

माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. मी म्हटलं, बाळ, तुझाच परिचय राहिलाय. परिचयाच्या ओघात निबंध आला. पूर्ण नाही वाचला. उपाय अकरापर्यंतच.

ती गायला लागली तेव्हा आलाप संपत आला असेल नसेल, दिवे गेले. माइक गेला. नऊ वाजले होते. मी अंधारात महिपतीला हाक मारून म्हटलं, अरे, राहू दे थोडा वेळ. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलंय तुमचं ऐकायचं नाही.

यानंतरचा भाग वादग्रस्त आहे. आभारप्रदर्शन राहिलं होतं. ते सोडून कार्यक्रम संपवणं मला संस्काराला धरून वाटलं नाही. मी खड्या आवाजात सुरू केलं. पण लोक तोवर खाली उतरत होते, आणि थोड्या वेळाने खालच्या अंगणातून गाण्याचा आवाज यायला लागला. वाचनालयाच्या पायरीवर बसून ती गात होती. माइक नाही, दिवा रस्त्यावरचा. मला प्रत्येक नाव दोनदा घ्यावं लागत होतं. शेवटी महिपतीला पाठवलं की खाली जरा शांत बसायला सांग, वर कार्यक्रम चालू आहे.

महिपती परत आला नाही. खिडकीतून पाहिलं तर तो पायरीशेजारी मांडी घालून बसलेला. शेजारी रावसाहेब, खांद्यावर मी दिलेली शाल, डोळे मिटलेले.

मी आभार पूर्ण केले.

३१ मे, गुरुवार

विजय! सभागृह वाचलं. रावसाहेबांनी पद्मजाला निरोप दिला की गुरुवार गाण्याचा, बाकीचे दिवस कॉम्प्युटर. माझ्या अथक प्रयत्नांना यश आलं. निरोप मला न देता तिला का दिला, ते विचारलं. एक अट आहे म्हणे. जो गात किंवा वाजवत नाही, त्याने माइकला हात लावायचा नाही. प्रास्ताविक, सत्कार, आभार सगळं कायमचं बंद.

अट कोणाला उद्देशून आहे ते कळलं नाही. बद्रीनाथ साहेब जरा लांबवतातच.

उरलेले नारळ घरात आहेत. सकाळी पोहे, संध्याकाळी सोलकढी, आणि रोज चटणी.

७ जून, गुरुवार

पहिला गुरुवार. माझ्यावर व्यवस्थापनाची मोठी जबाबदारी आहे. चपला. दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. बँकेसारखी टोकन सिस्टीम केली होती. टोकन कोणी घेतलं नाही.

दीक्षा आली. नमस्कार करून म्हणाली, “काका, आत बसा ना. चपला कुठे जात नाहीत.” मी म्हटलं, कोणीतरी बसावं लागतं. ती आत गेली आणि सरळ गायलाच लागली. आधी काहीच नाही. मला वाटलं होतं लोकांना चुकल्यासारखं होईल. झालं नाही.

तिचं गाणं मी पहिल्यांदाच सलग ऐकलं. ती एखादी जागा घेऊन थांबायची, आणि पद्मजाची पेटी तिच्या मागून अगदी सांभाळून तिथेच येऊन पोचायची. हिचा हात इतका गोड आहे हे घरात कधी जाणवलं नाही. सभागृहाची बांधणी चांगली असावी. पण मग गंधारने समेवर थाप मारली, आत सगळे एकदम ‘वा’ म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. फार बरं वाटलं. इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. हे कोणाला सांगावं असंही वाटलं नाही.

गाणं संपलं. टाळ्या. मी उठून शर्ट नीट केला. कोणीतरी दोन शब्द बोलेल, त्यात माझं नाव येईल, असा अंदाज होता. मग आठवलं की आभार आता बंद आहेत.

लोक बाहेर आले, गाण्याबद्दल बोलत, चपला शोधत. खडकीचे एक गृहस्थ म्हणाले, ती डावीकडची जरा सरकवता का. मी सरकवली. ते म्हणाले, आभारी आहे.

उत्तरादाखल मी दोन शब्द बोलणार होतो, पण त्यांची बस आली होती.