पिवळी ओळ

३ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या कंपनीचे टॅब आमच्या शाळेत येऊन पडले. सोबत टाय लावलेला एक गृहस्थ आला आणि जन्मभर पोरांना वाचायला शिकवणाऱ्या मला वाचन म्हणजे काय ते समजावून गेला. मी मुकाट ऐकलं, कारण टॅबमधलं ते वाचनाचं ॲप माझ्याच भावाच्या डोक्यातून निघालंय हे सांगायची लाज वाटली.

गोष्टीखालच्या प्रश्नाचं उत्तर दोनदा चुकलं की गोष्टीतली नेमकी ओळ पिवळी होते, ही तुझीच अक्कल ना? चौथीच्या पोरांनी तिचा केव्हाच निकाल लावला. मुद्दाम दोनदा चुकायचं, पिवळी ओळ तेवढी वाचायची, तिसऱ्यांदा बरोबर. पहिल्या आलेल्याला मी विचारलं, गोष्ट कशाची होती? म्हणाला, ते विचारत नाहीत.

भाचीही हेच वापरते ना? तिला वाचलेलं कळतं का, एकदा बघ. लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी ताई

११ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्राने करमणूक झाली. खडू सोडून दुसरं काही हातात आलं की तुम्हा मास्तरमंडळींना घाम फुटतो. चुकलेल्याला आधार द्यायचा नाही, तर काय तुझ्यासारखी पट्टी उगारायची? तुझ्या भाचीला ॲपवर प्रत्येक गोष्टीत पाचपैकी पाच चांदण्या आहेत. तिची सोड, स्वतःच्या रक्तदाबाची काळजी कर.

राग आला तरी लोभ असू दे.

धाकटा

१६ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

चांदण्या तुझ्या, पोरगी तुझी, तपासणारं यंत्रही तुझंच. मग पाठ कोण थोपटणार दुसरं? सोपं काम सांगते, तुझ्यासारख्या शहाण्यालाही जमेल. तिने चांदण्या मिळवलेली एखादी गोष्ट कागदावर छाप, शेजारी बस आणि तिला प्रश्न विचार. भीती वाटत असेल तर तसं कळव, लोभ कमी करणार नाही.

ताई

२१ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

छापली. मुलाची आणि त्याच्या कुत्र्याची गोष्ट, मीच लिहिलेली. तिने कुठेही न अडखळता खणखणीत वाचली. तुला काय झोंबरं उत्तर लिहायचं ते मी मनात जुळवत होतो. मग विचारलं, मुलगा कुत्र्याची वाटी धुऊन माळ्यावर का ठेवतो? म्हणाली, वाटी घाण होती. मग म्हणाली, घर लहान होतं. आणि खुशाल कागदाकडे बघत बसली. कागद काही पिवळा होईना, तेव्हा माझ्याकडे वळली.

"बाबा, दोनदा झालं. आता सांगा ना."

मी सांगणार नाही म्हटलं. ती फुरंगटली, कागद ओढून खिडकीपाशी गेली आणि पहिल्यापासून मनात वाचू लागली. एकेका ओळीवर बोट ठेवून, अगदी सावकाश. मग येऊन मला बिलगली. डोळे भरलेले.

"तो आता परत येणारच नाहीये."

ताई, याच गोष्टीला तिच्या पाच चांदण्या होत्या. पोरगी हुंदके देत होती आणि मला बरं वाटत होतं. असला बाप आहे मी. लोभ ठेवण्याजोगा वाटलो तर ठेव.

धाकटा