आईने घेतलेलं नाव

वोलोस

असिमिना,

हे तुला लिहिलेलं चौथं पत्र. आधीची तीन मी शेगडीत घातली.

ख्रिसमसच्या दुपारी आईसाठी भात नि अंडं-लिंबू घालून कोंबडीचं सूप केलं. आठवडाभर ती अन्नाला शिवली नव्हती. गरम रस्सा ओतताना अंडं फाटू नये म्हणून ती मुके घेतल्यासारखा आवाज काढायची, तसा मीही काढला आणि माझं मलाच रडू आलं.

पहिला घोट घेऊन आई म्हणाली, "असिमिना, आलीस गं बाई मेलबर्नहून!"

तिची नजर अधू, त्यात ताप. मी म्हटलं, "हो, आले."

तिने अख्खी वाटी संपवली. वर म्हणाली, "भाताचा मात्र गिचका केलास. तुझं आपलं तेच."

दोन वर्षं तू फोन केलास की मी 'आई झोपलीय' म्हणायचे. ती जागीच असायची. मी उशाशी बसलेली असताना ती नाव तुझं घ्यायची, ते मला सोसवत नव्हतं.

मग आईने माझा हात धरला. "फोतिनी तुझे फोन मला देत नाही. मला ऐकू येतं सगळं. पण तिच्यावर रागावू नकोस. माझं सगळं तिनेच केलंय. तिला एकटी टाकू नकोस."

तिसऱ्या दिवशी ती गेली. फोनवर तू रडत विचारलंस, "ताई, शेवटी माझी आठवण काढली का गं?"

मी म्हटलं, "नाही. ती शुद्धीवरच नव्हती."

तुझी,
फोतिनी