बटाट्याच्या तोफेची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, पंपहाऊसचा निवृत्त फिटर, आज शनिवारी दुपारी घराच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दुसरीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता सकाळी ओळीने म्हणून पाहिल्या, कुठे अडलो नाही. जन्मभर दाबाशी खेळलो, पण तो हवेचा आणि पाण्याचा. हे लिहायला कोणा माणसाचा दाब नाही.

१. राहते घर मुलीला. मात्र पश्चिमेची खिडकी बुजवू नये. तिथे बसून तिच्या आईने माझ्या कविता ऐकल्या, निदान तसे दाखवले. ऐकता ऐकता तीन स्वेटर विणून झाले.

२. आटे पाडायचा संच, वाइस आणि दोन्ही पाइप-पाने पंपहाऊसच्या नव्या फिटरला. बारीक मापे घ्यायची व्हर्नियर पट्टी जावयाला देऊ नये. त्याने तिच्या टोकाने रंगाचा डबा उघडला आणि वर मला म्हणाला, "बाबा, मोजायचंच ना? मग फूटपट्टी काय वाईट?" त्याला फूटपट्टी द्यावी.

३. शाळेतली कवितेची पुस्तके, पहिली ते सातवी, नातीला. ती विचारते, "आजोबा, यातली पाखरं शेवटी उडूनच का जातात?"

४. आता तोफा. इथपर्यंत लिहायला अर्धा तास लागला. पुढचे लिहायला एकोणतीस वर्षे लागली आहेत.

माझा धाकटा भाऊ. गल्लीत त्याला गोलंदाज म्हणत. आम्ही दोघांनी मिळून हवेवर चालणाऱ्या बटाट्याच्या अकरा तोफा केल्या. व्हॉल्व्ह माझा, भरणी त्याची. पाइपची लांब नळी, मागे हवेची टाकी, दोन्हींच्या मध्ये लाल दांड्याचा कॉक. बटाटा नळीच्या तोंडाशी दाबायचा आणि काठीने आत सारायचा. म्हणजे भरणारा माणूस तोंडासमोर उभा, आणि तेवढ्यात मी मागे पंप मारून टाकी भरतोय. म्हणून आमचा नियम होता: भरणाऱ्याने कॉकचा दांडा काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. दांडा नाही, तर कॉक फिरत नाही. धाकटा खिशावर थाप मारून ओरडायचा, "दादा, जीव माझ्या खिशात आहे, मार पंप!" अकरा तोफा आम्ही या नियमावर उडवल्या.

बारावी तोफ लांब मारायच्या शर्यतीसाठी केली, तिचा व्हॉल्व्ह वेगळा होता. त्यात कॉक नाही, सरकता दट्ट्या. दट्ट्यामागची थोडी हवा सुटली की तो मागे धावतो आणि सगळी टाकी एका दमात नळीत रिकामी होते. बटाटा मैदानाच्या पार. पण ती मागची हवा ज्या बारीक रबरी नळीत असते, ती कुठे नुसती गळली, तरी तोफ सुटते. कोणी हात लावावा लागत नाही.

धाकट्याला हे नेमके कळत नव्हते, पण अंग चोरत होता. म्हणाला, "दादा, ही मागून भरू. मी सरकती भरणी काढलीय, बघ. तोंडासमोर उभंच राहायला नको." चित्र चांगले होते. मी म्हणालो, "जोडातून हवा जाईल. दहा पावलं कमी पडेल."

"मग मला दांडा दे. दांड्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

वाद नको म्हणून मी जुना कॉक पंपाच्या वाटेवर बसवला. तोच लाल दांडा. त्याने फक्त पंप बंद व्हायचा, तोफ नाही. त्याने दांडा मागितला, मी दांडा दिला. शर्यत झाल्यावर समजावून सांगू, असे ठरवले होते.

शर्यतीच्या दिवशी दुपारची वेळ होती. काठी त्याच्या हातात होती. रबरी नळीला चीर गेल्याचा बारीक आवाज मी ऐकला, एखाद्याने ओठांवर बोट ठेवून गप्प करावे तसा. धाकटा जागच्या जागी गेला.

लोक मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होते. ते धावत येईपर्यंत मी त्याच्या खिशातून दांडा काढला आणि कॉकवर बसवला. सगळ्यांना सांगितले, "खिशात ठेवायचा विसरला." तो विसरला नव्हता. चूक माझ्या व्हॉल्व्हची होती, आणि लबाडी माझी.

५. माझ्या भावजयीने यावर विश्वास ठेवला आणि मुलाला तसेच वाढवले. "बापासारखा वेंधळा होऊ नकोस," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकले, आणि दर वेळी चहाच्या कपात पाहत बसलो.

तो मुलगा, माझा पुतण्या, आता छापखान्यात मशीनवर आहे. मंगळवारी आला होता. माझ्या वहीतल्या दट्ट्याच्या पानाचा त्याने मागेच फोटो काढून नेला होता. तोफ तयार आहे. बारावीच, हुबेहूब, लाल दांड्यासकट. रविवारी चाचणी.

मी म्हणालो, "घाई करू नको रे."

तो हसला. "काका, तुम्ही पण ना! आईने शंभरदा बजावलंय. भरताना दांडा खिशातच ठेवणार."

मला सातवीपर्यंतच्या कविता पाठ आहेत, पण 'त्या दांड्याने ही तोफ थांबत नाही' हे एक वाक्य तोंडातून फुटेना. त्याला फाटकापर्यंत सोडून आलो. म्हणून लिहीत आहे.

६. सबब माझी व्हॉल्व्हची वही जाळावी. कोणालाही देऊ नये. धाकट्याच्या सरकत्या भरणीचे चित्र त्या वहीत नाही; ते टेबलाच्या खणात वेगळे ठेवले आहे. ते पुतण्याला द्यावे आणि सांगावे, तुझा बाप वेंधळा नव्हता. आमच्या दोघांत शहाणा तोच होता.

७. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचण्याची गरज नसते, हे मला ठाऊक आहे. पण दुसरी साक्षीदार माझी भावजय आहे. तिने सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचावी. हे तोंडाने सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून तिला सहीच्या निमित्ताने बोलावले आहे. हातात उद्यापर्यंतचा वेळ आहे. त्यानंतर तिने माझे तोंड पाहिले नाही तरी तक्रार नाही.

हे मी राजीखुशीने लिहिले, वाचून पाहिले, खाडाखोड केलेली नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली. शनिवार, तारीख चौदा.

लिहून देणार: (सही) निवृत्त फिटर

साक्षीदार पहिला: यांनी माझ्यासमोर सही केली. माझ्या घड्याळाप्रमाणे चार वाजून बावीस मिनिटे.
(सही) शेजारचा घड्याळजी

साक्षीदार दुसरी: वाचलं. सही करत नाही. दादा, चाचणी उद्या नाही. उद्या मैदान मिळत नव्हतं, म्हणून आज पाचलाच ठेवलीय. तो फोन उचलत नाहीये. घड्याळजींना स्कूटर काढायला सांगितली, निघाले.