गोगलगाय आणि फ्रान्सचा कावळा

प्रिय मंदा,

आज तुझं वर्षश्राद्ध. आपल्या पोराच्या, नीलेशच्या घरी फ्रान्समध्ये, बाल्कनीत तुझं पान ठेवलं होतं. कावळा आत्ताच उडाला आणि मी लिहायला बसलो, कारण तक्रार तुझ्याबद्दलच आहे.

दहाव्याला बदलापूरच्या नदीवर पिंडाला कावळा शिवेना. घर विकणार नाही म्हटलं, तुझी तुळस जगवीन म्हटलं. ढिम्म! शेवटी तुझी बहीण म्हणाली, "दाजी, तिला नीलेशकडं जाऊन तिकडचं सगलं खावाचं व्हतं. तिच्या वाटचं मी खाईन म्हना." म्हटलं. लगेच झडप. अगं, जन्मभर बोंबलाचं कालवण आणि भात खाल्लेल्या माणसाला असं अडकवतात का?

इथे आल्या आल्या हॉटेलात कालवं आली, शिंपल्यातच, कच्ची. मी वेटरला मराठीतच म्हटलं, "भाऊ, शिजवायची राहिली." नीलेश टेबलाखालून पाय मारतोय. लिंबू पिळलं, तुझं नाव घेतलं आणि गिळली.

मग ते चीज. तू सुकट भाजलीस की शेजारच्या आपल्या सिंधी भाभी खिडकी आपटायच्या, आठवतं? हे हुंगलं असतं तर त्यांनी सुकटीची माफी मागितली असती. तेही खाल्लं.

गोगलगाय मात्र जमेना. पावसाळ्यात तू ज्यांच्यावर मीठ टाकायचीस, त्या मी खाऊ? म्हणून आज डोकं लढवलं. तुझ्या पानात भात, चीज आणि वर एक गोगलगाय ठेवली. म्हटलं, तुझी इच्छा तूच पुरी कर, मी सुटलो.

कावळा आला. भात खाल्ला, चीज तर चाटूनपुसून. गोगलगाय चोचीने बाजूला सारली आणि कठड्यावर बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. मी कारलं टाकून उठायला लागलो की तू अशीच बघायचीस. "अवो, ताट साफ करा."

काय करतो? आत जाऊन वाडग्यातली एक उचलली, त्याच्यासमोर येऊन तोंडात टाकली. लसूण सढळ होता, लोणी होतं. तुझ्या हातच्या तिसऱ्या-शिंपल्यांची चव आली, मंदा, आणि मी पोरासमोर रडलो. मी गिळल्यावरच तो उडाला.

चांगली लागली. हे आधी तुलाच सांगायचं होतं.

उद्या बेडकाचे पाय आहेत म्हणे. खाईन, शब्द दिलाय. पण पुढल्या वर्षी पान बदलापुरात वाढीन, त्यात नुसतं बोंबलाचं कालवण आणि भात. तेव्हा मला वाट बघायला लावू नकोस, लगेच ये.

तुझा,
अवो