साडेतीन टनांचा टो बार

सोमवार, ३ मार्च
ठरलं. यंदा घोडी मीच नेणार. लेकीची घोडेस्वारीची स्पर्धा २३ तारखेला, मैदान चाळीस किलोमीटरवर. गेल्या वर्षी मेव्हण्याने जीपला ट्रेलर जोडून नेली आणि बक्षिसाच्या फोटोत घोडीच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मामा. बापाचं फक्त कोपर आलंय. तो फोटो हॉलमध्ये आहे आणि मी रोज त्याच्यासमोर चहा पितो. लेकीला शब्द दिला. ती "बरं बाबा" म्हणाली. ट्रेलर तबेल्याचा मिळेल. गाडीला मागे फक्त ट्रेलर अडकवायचा दांडा, म्हणजे टो बार, बसवायचा. त्यात काय एवढं.

गुरुवार, ६ मार्च
अभ्यास सुरू. वेगळी वही केली. टो बार तीन प्रकारचे: कायमचा, काढता येणारा आणि बटण दाबलं की बंपरखाली लपणारा. तक्ता आखला, तीन रंगांत. तक्ता छान झाला. बायकोने विचारलं, आपली गाडी ओढेल का एवढं. तिला समजावलं की ओढायचं काम टो बारचं असतं. ती भाजी चिरायला लागली. म्हणजे पटलं.

शनिवार, ८ मार्च
तबेलेवाल्या काकांकडून वजनं घेतली. घोडी ४९० किलो, ट्रेलर ८००. घोडी स्वभावाने गरीब, तरुणपणी म्हणे मालाची गाडी ओढायची, ओढायचा पट्टा अजून तबेल्यात खुंटीला आहे. काकांना जुन्या गोष्टी सांगायची फार हौस. मी मुद्द्यावर आलो. बेरीज तेराशेच्या आत. दीड टनाचा टो बार पुरेल, पण आपल्याला लेचंपेचं काही चालत नाही.

बुधवार, १२ मार्च
साडेतीन टनांचा घेतला. कायमचा. लपणारा कशाला, चोरी केलीय का? फिटरने विचारलं, गाडीचं पुस्तक बघितलंत का. म्हटलं, अकरा वर्षं चालवतोय, पुस्तक काय वाचायचं. "तुमची मर्जी," म्हणाला. नम्र माणूस. संध्याकाळी डिकी उघडताना टो बारवर नडगी आपटली. किरकोळ.

शुक्रवार, १४ मार्च
पुन्हा नडगी. तीच. आज लेकीने गाडीचं पुस्तक माझ्या उशाशी आणून ठेवलं, एका पानाला घडी घालून. गाडीची ओढण्याची क्षमता: साडेसातशे किलो. नुसता ट्रेलरच आठशेचा.
पान दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, असली पुस्तकं भित्री माणसं लिहितात. औषधाच्या बाटलीवरही काय काय लिहिलेलं असतं.

रविवार, १६ मार्च
उपाय सापडला. वजन घटवणे. गाडीतली मागची सीट काढली. स्टेपनी, जॅक, पान्यांची पिशवी, छत्री, सगळं घरात आणून ठेवलं. बायको म्हणते, हॉलचं गॅरेज झालं. मी आजपासून साखर बंद. काकांना सुचवलं, आठवडाभर घोडीचा खुराक अर्धा करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो मुद्दा वहीतून खोडला.

मंगळवार, १८ मार्च
साखर पुन्हा सुरू. एका माणसाने किती सोसायचं. मेव्हण्याचा फोन: काही लागलं तर सांगा, दाजी. म्हटलं, काही लागणार नाही.

शनिवार, २२ मार्च
आज ट्रेलर जोडून तालीम करायची होती. नडगी सुजलीय. त्याऐवजी गाडी धुतली. धुळीचंही वजन असतं.

रविवार, २३ मार्च, सकाळी ५.४०
घोडी शहाण्यासारखी ट्रेलरमध्ये चढली. निघतो.

सकाळी ६.३०
तबेल्याच्या फाटकाशी चढ आहे. हे कुणी बोललं नव्हतं. आधी जळका वास आला. काकांना म्हटलं, तुमच्याकडे काहीतरी जळतंय. तो माझा क्लच होता. चाकं जागच्या जागी फिरून मातीत रुतली. गाडी बरोबर फाटकात, ट्रेलर तिच्या मागे, आणि लेकीची फेरी नऊला. फाटक एकच. लेक हातात हेल्मेट घेऊन उभी. रागावली असती तरी चाललं असतं. ती नुसती घड्याळ बघत होती.
तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न. मेव्हणा, जीप घेऊन. लेकीने आठवड्यापूर्वीच त्याला सहाची वेळ देऊन ठेवली होती. पण जीप बाहेर, ट्रेलर आत आणि मध्ये मी.
घोडी उतरवली, ट्रेलर सोडून बाजूला घेतला. गाडी ढकलून पाहिली, हलेना. मेव्हणा म्हणाला, जीपने पुढून ओढू, पुढे बसवायचा हुक द्या, पान्यांच्या पिशवीत असतो. पिशवी हॉलमध्ये, छत्रीखाली.
काका खुंटीकडे गेले.

सोमवार, २४ मार्च
लेकीचा तिसरा नंबर. वेळेत पोचलो. मी जीपमध्ये मागच्या सीटवर होतो, खोगिराशेजारी. परत येताना तिला विचारलं, मामाला सांगितलंस ते मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "तुम्ही इतकी छान वही केली होती, बाबा." वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.
हॉलमधला फोटो आज बदलला. नवा बक्षिसाचा नाही, मेव्हण्याने तबेल्यात मोबाईलवर काढलेला आहे. पुढे घोडी, गळ्यात जुना पट्टा. पट्ट्याला दोर, दोराचं टोक टो बारला, गाडी उलटी येतेय. आत मी, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून. या वेळी पूर्ण आलोय, कोपरासकट.
टो बार स्पष्ट दिसतो. जरासुद्धा वाकलेला नाही.